छपराचे वय आणि घराचा विमा : नूतनीकरणाच्या पाकिटातले एक जोडपत्र

पिंपळपार (धागाकर्ता)
४ ऑगस्ट २०२५

नमस्कार. आम्ही टेक्सासमधील डॅलसच्या उत्तरेकडील एका उपनगरात २०१९ पासून स्वतःच्या घरात राहतो. घर २००६ साली बांधलेले असून छपरावर डांबरी शिंगल (कौलांसारखे एकावर एक बसवलेले पातळ तुकडे) आहेत. दरवर्षी सप्टेंबरच्या आधी विम्याच्या नूतनीकरणाचे पाकीट येते, हप्ता वाढलेला असतो, आम्ही चार दिवस कुरकुर करतो आणि पैसे भरून टाकतो. यंदा हप्ता केवळ ९० डॉलरनेच वाढलेला पाहून मला आनंद झाला होता, पण पाकिटाच्या तळाशी एक नवे जोडपत्र निघाले. त्यात एक कोष्टक आहे. डाव्या रकान्यात छपराचे वय आणि वरच्या ओळीत छपराचा प्रकार दिला असून आत टक्केवारी आहे. वादळ किंवा गारपीट यांमुळे छपराची हानी झाल्यास भरपाई या कोष्टकाप्रमाणे मिळेल, असे खाली एका वाक्यात म्हटले आहे. आमच्या ओळीला १९ वर्षे आणि ३२ टक्के असे लिहिले आहे.

शिवाय गेल्या एप्रिलमध्ये आमच्याकडे गारा पडल्या. आमच्या गल्लीत आतापर्यंत चार घरांची छपरे बदलून झाली आहेत आणि दर शनिवारी कोणीतरी दाराची घंटा वाजवून 'आम्ही फुकट तपासणी करून देतो' असे सांगते. पन्हाळीचे पाणी जिथे खाली पडते, तिथे काळ्या वाळूसारखे दाणे साचलेले मला दिसले. या कोष्टकाचा प्रत्यक्षात अर्थ काय आणि मी आता दावा करावा की नाही, याविषयी जाणकारांनी मार्गदर्शन करावे.

घराचा विमा ४,२०,००० डॉलरचा आहे. वारा आणि गारपीट यांसाठी डिडक्टिबल (दाव्यातला आपण स्वतः भरायचा वाटा) २ टक्के आहे.


हिशेबनीस
४ ऑगस्ट २०२५

आपण आकडे दिलेत, त्यामुळे सरळ हिशेबच मांडतो. सर्वांत आधी डिडक्टिबल, कारण येथेच बहुतेकांची गफलत होते. हे २ टक्के छपराच्या खर्चाचे नसतात, तर घराच्या संपूर्ण विमा रकमेचे असतात. म्हणजे ४,२०,००० चे २ टक्के, ८,४०० डॉलर. ही रक्कम दर दाव्याला आपल्या खिशातून जाणार.

आता आपल्या आकाराच्या घराचे छप्पर बदलण्याचा खर्च २२,००० डॉलर धरू. आतापर्यंतची आपली पॉलिसी 'रिप्लेसमेंट कॉस्ट' पद्धतीची असावी. तीत जुन्याच्या जागी तसेच नवे बसवण्याचा पूर्ण खर्च धरतात, म्हणून २२,००० वजा ८,४०० असे १३,६०० डॉलर आपल्याला मिळाले असते. मात्र ही रक्कम एकरकमी हातात येत नाही. कंपनी आधी झीज (म्हणजे वयामुळे कमी झालेली किंमत) वजा करून एक धनादेश देते आणि काम पूर्ण होऊन पावती गेल्यावर रोखून धरलेली झीज परत देते.

नव्या कोष्टकाप्रमाणे तीच हानी झाली, तर २२,००० चे ३२ टक्के म्हणजे ७,०४० डॉलर होतात. त्यातून ८,४०० वजा केले की उत्तर शून्याच्याही खाली जाते. रोखून धरलेले असे काही नसल्यामुळे दुसरा धनादेशही येत नाही. थोडक्यात, ९० डॉलर जास्त भरून आपण असा विमा घेत आहात की ज्यात उद्या गारांनी संपूर्ण छपराची चाळण केली, तरी छपरापोटी एक डॉलरही मिळणार नाही. आग लागली किंवा झाड कोसळून घराची मोडतोड झाली, तर गोष्ट वेगळी. आपण लिहिलेल्या वाक्यावरून हे कोष्टक वारा आणि गारा यांपुरतेच दिसते, पण मूळ मजकूर एकदा नीट वाचून घ्या.

एक गोष्ट आपल्या बाजूची आहे. हानीला ती ज्या दिवशी झाली त्या दिवशी चालू असलेली पॉलिसी लागू होते. एप्रिलच्या गारांनी खरोखर काही बिघडले असेल, तर त्याला जुन्या अटी लागू होतील, सप्टेंबरपासूनचे कोष्टक नव्हे. मात्र टेक्सासातल्या बहुतेक पॉलिसींत घटनेपासून एका वर्षाच्या आत दावा नोंदवावा लागतो.


पिंपळपार
४ ऑगस्ट २०२५

आपला प्रतिसाद वाचून मी जुनी पॉलिसी काढून पाहिली. तीत 'रिप्लेसमेंट कॉस्ट' असेच आहे. म्हणजे मी घाईघाईने आजच दावा ठोकावा, असे आपले म्हणणे आहे का?


हिशेबनीस
५ ऑगस्ट २०२५

मुळीच नाही. आधी हानी झाली आहे की नाही, हे कळू द्या. काही न मिळता बंद झालेला दावासुद्धा विमा कंपन्यांच्या सामायिक नोंदवहीत सात वर्षांपर्यंत राहू शकतो आणि पुढची कंपनी हप्ता ठरवताना ती नोंद पाहते. ज्याला आपल्याकडून कामाचे कंत्राट मिळवायचे नाही, अशा तपासनिसाला पैसे देऊन छप्पर दाखवा. दाराची घंटा वाजवणाऱ्याची फुकट तपासणी सहसा एकाच निष्कर्षाला पोहोचते.


रचनाकार
५ ऑगस्ट २०२५

मी स्थापत्य अभियंता असून काही वर्षे छपरांच्या हानीचे अहवाल लिहिण्याचे काम केले आहे, म्हणून वर चढल्यावर काय पाहतात ते थोडे विस्ताराने लिहितो.

पन्हाळीच्या तोंडाशी दाणे साचणे, एवढ्यावरून काहीही सिद्ध होत नाही. डांबरी शिंगलवरचे दगडी दाणे उन्हापासून डांबराचे रक्षण करतात आणि वयाप्रमाणे ते गळतच असतात. नव्या छपराचेही सुटे दाणे पहिल्या एकदोन पावसांत वाहून येतात. गारेचा मार लागतो, तेव्हा एका गोलसर जागेचे दाणे आत रुततात किंवा उडून जातात आणि खालची जाळी दबते. त्या जागी अंगठ्याने हलकेच दाबले, तर आतून मऊ पडलेल्या पेरूवर दाबल्यासारखे लागते. याउलट उन्हाच्या तापाने शिंगलला बारीक फोड येतात आणि ते फुटले की तिथे खळगा दिसतो. त्याच्या कडा धारदार असतात, तळ मऊ लागत नाही आणि असे खळगे दक्षिणेच्या व पश्चिमेच्या पाख्यांवर जास्त असतात. जमिनीवरून काढलेल्या छायाचित्रात दोन्ही सारखेच दिसतात. पहिल्याला विमा आहे. दुसरी झीज आहे, आणि झीज, कुजणे, देखभालीचा अभाव हे सर्व घरमालकांच्या नेहमीच्या, 'एचओ-३' नावाच्या पॉलिसीत स्पष्ट शब्दांत वगळलेले असते.

कंपनीचा अ‍ॅडजस्टर (हानी पाहून भरपाई ठरवणारा) प्रत्येक पाख्यावर खडूने १० फूट बाय १० फुटांचा चौकोन आखतो आणि त्यातले मार मोजतो. छपराच्या धंद्यात यालाच एक 'स्क्वेअर' म्हणतात आणि भावही त्यावरच लागतो. त्याआधी तो मऊ धातू पाहतो : छपरावरच्या वायुनलिकांच्या टोप्या, पन्हाळी, बाहेर ठेवलेल्या एसीच्या यंत्राच्या पातळ पट्ट्या. त्यांवर एकही पोचा नसेल, तर मोठी गार तेथे पडलीच नाही, असा अंदाज तो बांधतो आणि तो बहुधा बरोबर असतो. राष्ट्रीय हवामान सेवा १ इंच किंवा त्याहून मोठ्या गारेला तीव्र मानते. आपल्या भागात त्या दिवशी केवढी गार नोंदली गेली, ते त्यांच्या सार्वजनिक नोंदींत पाहता येईल.

आता एक प्रश्न. आपल्या पत्रात वय १९ वर्षे लिहिले आहे. हे वय घराचे की छपराचे? डॅलसच्या आसपास २००६ सालचे मूळ छप्पर आजवर टिकून आहे, यावर माझा विश्वास बसत नाही.


सडेतोड
६ ऑगस्ट २०२५

मंडळी, आपण उगाच कीस काढत आहात. आमच्या गल्लीत सर्वांनी केले तेच करावे. रूफरला (छप्पर बसवणाऱ्या कंत्राटदाराला) बोलवा, तो कंपनीशी परस्पर बोलतो, कागदपत्रे तोच करतो आणि डिडक्टिबलही तोच 'सांभाळून घेतो'. माझा एक पैसाही गेला नाही आणि नवे छप्पर मिळाले. एवढी वर्षे हप्ते भरले ते कशासाठी?


हिशेबनीस
६ ऑगस्ट २०२५

सडेतोड, आपण कोणत्या राज्यात राहता ते आपण लिहिलेले नाही, परंतु पिंपळपार टेक्सासात आहेत आणि तेथे आपला सल्ला मानला तर ते अडचणीत येतील. १ सप्टेंबर २०१९ पासून तेथे असा कायदा आहे की विम्याच्या पैशातून होणाऱ्या कामात कंत्राटदाराने डिडक्टिबल माफ करणे किंवा स्वतः भरणे हा गुन्हा आहे. त्यासाठी २,००० डॉलरपर्यंत दंड आणि १८० दिवसांपर्यंत तुरुंगवास होऊ शकतो. घरमालकाने डिडक्टिबल भरणे हेही त्याच कायद्याने बंधनकारक आहे. रोखून धरलेली झीज देण्यापूर्वी डिडक्टिबल भरल्याचा पुरावा, म्हणजे वटलेला धनादेश किंवा कार्डाची नोंद, कंपनी मागू शकते. रूफरने घरमालकाच्या वतीने दाव्याची बोलणी करणेही तेथे चालत नाही. त्यासाठी वेगळा परवाना लागतो आणि एकाच कामात दोन्ही भूमिका घेता येत नाहीत. गंमत अशी की छप्पर बसवण्यासाठी मात्र टेक्सासात राज्याचा कोणताही परवाना लागत नाही. गारपिटीनंतर दुसऱ्या राज्यांच्या पाट्या लावलेल्या गाड्या गल्लीत येतात, त्या काही उगाच नव्हेत.

शिवाय 'सांभाळून घेतो' म्हणजे काय, ते पाहा. ८,४०० डॉलर कोणीही पदरचे घालत नाही. एक तर बिल फुगवले जाते किंवा कामात काटछाट होते. शिंगलखालचा कागद, आढ्याची आच्छादने, भिंतीलगतच्या पत्र्याच्या पट्ट्या या वस्तू खालून दिसत नाहीत आणि काटछाट नेमकी तेथेच होते.


सडेतोड
६ ऑगस्ट २०२५

कायद्याची माहिती नव्हती, ती दिल्याबद्दल आभार. आमच्या छपराच्या पट्ट्या आता कोणाकडून तरी पाहून घ्याव्या लागतील असे दिसते.


टॅम्पाकर
७ ऑगस्ट २०२५

आपल्याकडे निदान विमा कंपनी कोष्टक देऊन का होईना, पण घरात राहू देते. फ्लोरिडात छपराच्या वयावरून पॉलिसीच नाकारली जाते. माझे शिंगलचे छप्पर १७ वर्षांचे झाले, तेव्हा कंपनीने नूतनीकरण करणार नाही असे कळवले होते. मॉर्गेज (घरावरचे कर्ज) असल्यामुळे विम्याविना राहता येत नाही. आपण विमा घेतला नाही, तर बँक स्वतः महागडा विमा घेते आणि तो बँकेच्या कर्जाचे रक्षण करतो, आपल्या संसाराचे नव्हे.

सुदैवाने मे २०२२ मध्ये विधिमंडळाच्या विशेष अधिवेशनात आमच्याकडे कायदा झाला होता. छप्पर १५ वर्षांहून कमी वयाचे असेल, तर केवळ वयाच्या कारणावरून विमा नाकारता येत नाही. १५ किंवा त्याहून अधिक वर्षे झाली असतील, तर घरमालकाला स्वखर्चाने अधिकृत तपासणी करून घेण्याची संधी द्यावी लागते आणि छपराचे आणखी किमान ५ वर्षांचे आयुष्य शिल्लक आहे असा निष्कर्ष निघाला, तर वयाचे कारण पुढे करता येत नाही. 'केवळ वय' हे शब्द महत्त्वाचे आहेत. शिंगल वळले असतील, आढ्यावर तडे असतील, तर कंपनी स्थितीचे कारण देऊ शकते. मी तपासणी करून घेतली, अहवाल पाठवला आणि नूतनीकरण झाले. त्याच कायद्याने कंपन्यांना छपरापुरते वेगळे डिडक्टिबल ठेवण्याची मुभाही दिली आहे, हे दुसऱ्या हाताने काढून घेतलेले.

त्याच वेळी वादळरोधक बाबींची तपासणीही करून घेतली. तो अनुभव सांगण्याजोगा आहे. तपासनीस छपरावर फारसा थांबलाच नाही, तो माळ्यावर शिरला. तेथे गुडघ्यांवर रांगत त्याने वासा जेथे भिंतीवर टेकतो तेथल्या लोखंडी पट्टीचे छायाचित्र घेतले आणि तिच्यातले खिळे मोजले. वासा नुसता तिरप्या खिळ्यांनी ठोकला आहे, पट्टीने एका बाजूने धरला आहे, की पट्टी वाशावरून पलीकडे वळवली आहे, यावर हप्त्यातली सवलत ठरते. फळ्या किती अंतरावर खिळल्या आहेत, छप्पर चारी बाजूंनी उतरते आहे की दोन बाजूंना उभ्या त्रिकोणी भिंती आहेत, हेही पाहतात. १९९२ च्या अँड्र्यू वादळात दक्षिण फ्लोरिडातली छपरे उडाली, त्यानंतर बांधकामाचे नियम कडक झाले आणि पुढे अशा सवलती देणे कंपन्यांना बंधनकारक झाले. आमची सवलत तपासणीच्या खर्चाच्या कितीतरी पट निघाली. अहवाल ५ वर्षे चालतो.


दापोलीकर
८ ऑगस्ट २०२५

मी न्यू जर्सीत राहतो. आमच्याकडे ना एवढ्या गारा, ना तशी वादळे, तरी छपराने मला धडा शिकवलाच. तीन वर्षांपूर्वी शयनगृहाच्या छतावर चहाच्या डागासारखा पिवळा डाग उमटला. आधी पैशाएवढा होता, तो महिन्याभरात ताटाएवढा झाला. मी दावा केला. अ‍ॅडजस्टर आला, त्याने माळ्यावर जाऊन धुराड्याशेजारची फळी टोचली आणि ती काळी पडून भुसभुशीत झालेली मला दाखवली. ही फळी एका पावसात अशी होत नाही, असे तो म्हणाला. धुराड्याभोवतीची धातूची पट्टी कित्येक महिने सुटलेली होती. विमा आकस्मिक घटनेचा असतो, हळूहळू झालेल्या गळतीचा नव्हे. पावसाने आत हानी झाली असेल, तर आधी वाऱ्याने किंवा गारेने छपराला भोक पाडलेले असावे लागते, अशी अट माझ्या पॉलिसीत होती आणि मी ती कधीच वाचली नव्हती. दुरुस्तीचे १,९०० डॉलर माझे मीच भरले.

थोडे अवांतर लिहितो. गावी मृग लागण्याआधी घर शाकारण्याचा रिवाज होता. आजोबा माणसे लावून सगळी कौले उतरवायचे, फुटकी बाजूला काढायची, पानपाचोळा झाडायचा आणि पुन्हा चढवायची. ते दरवर्षी चुकायचे नाही. येथे मी नऊ वर्षांत एकदाही शिडी लावली नव्हती. ३ जून २०२० च्या निसर्ग चक्रीवादळात त्याच घराची एक पाखी पूर्ण उघडी पडली. तेव्हा तलाठ्याने पंचनामा करताना कौले किती गेली ते लिहिले, ती किती जुनी होती ते विचारले नाही. मदतही अर्थात तेवढ्याच बेताची मिळाली.


नवघरवाली
९ ऑगस्ट २०२५

आम्ही ऑस्टिनजवळ पहिलेच घर घेत आहोत. गारांना टिकणारे 'क्लास ४' शिंगल बसवले तर हप्त्यात सवलत मिळते असे ऐकले. ते खरे आहे का?


रचनाकार
९ ऑगस्ट २०२५

खरे आहे. या चाचणीत २ इंच व्यासाचा पोलादी गोळा २० फुटांवरून एकाच जागी दोनदा टाकतात आणि शिंगलच्या मागच्या बाजूला तडा गेला नाही, तरच क्लास ४ चा दर्जा मिळतो. टेक्सासात अशा छपरांना सवलत देतात. बसवणाऱ्याने सही केलेले प्रमाणपत्र एजंटला द्यावे लागते, म्हणून ते काम संपतानाच मागून घ्या.

मात्र सवलतीच्या कागदासोबत 'केवळ दिसण्यापुरती हानी भरून मिळणार नाही' असे कलम जोडलेले आहे का, ते पाहा. पत्र्याच्या छपरांच्या बाबतीत ते फार आढळते. गारांनी पत्र्याला पोचे पडले, पण भोक पडले नाही, तर कंपनीच्या दृष्टीने काहीच बिघडलेले नसते. पुढे घर विकताना गिऱ्हाईक ते पोचे मोजते, ही गोष्ट निराळी.

आणि घर घेण्याआधीच विक्रेत्याकडून छपराचे साल कागदोपत्री घ्या. जुन्या शिंगलवरच नवा थर चढवला आहे का, हेही विचारा. दोन थरांच्या छपराला बऱ्याच कंपन्या नाके मुरडतात, कारण खालचा थर खडबडीत असला की वरचा नीट बसत नाही आणि काढताना खर्च वाढतो.


सावलीतलेघर
१० ऑगस्ट २०२५

आमच्या कंपनीने तर कोणालाही न पाठवता आकाशातून काढलेल्या छायाचित्रावरून पत्र पाठवले. छपरावर काळपट पट्टे आहेत, झाडाच्या फांद्या टेकल्या आहेत, ६० दिवसांत सुधारणा करा, अन्यथा पॉलिसी बंद. ते पट्टे शेवाळाचे होते, शिंगलला काही झाले नव्हते. मी ते छायाचित्र मागवले, तर ते दोन वर्षांपूर्वीचे निघाले. तोपर्यंत आमच्या फांद्या छाटूनही झाल्या होत्या. तारीख दिसेल अशी नवी छायाचित्रे आणि तपासनिसाचे एक पान पाठवल्यावर प्रकरण मिटले. असे पत्र आले, तर फोनवर वाद घालू नका. ज्या छायाचित्रावरून निर्णय झाला ते लेखी मागा.

एक विनंती : कोणीही शेवाळ घालवण्यासाठी जोराच्या फवाऱ्याने छप्पर धुऊ नये. आमच्या शेजाऱ्यांनी धुतले आणि पट्ट्यांसोबत दाणेही पन्हाळीत गेले.


पिंपळपार
२३ ऑगस्ट २०२५

उशिरा लिहितो आहे, पण बरेच काही घडले आहे.

रचनाकार यांचा प्रश्न वाचून मी घर घेतानाची फाइल काढली. २०१९ च्या तपासणी अहवालात 'छपराचे आच्छादन अंदाजे दोन वर्षांचे' असे एक वाक्य होते. मग नगरपालिकेच्या संकेतस्थळावर पत्ता टाकून परवान्यांच्या नोंदी पाहिल्या. तेथे मे २०१७ चा छप्पर बदलण्याचा परवाना मिळाला, काम पूर्ण झाल्याच्या शेऱ्यासह. म्हणजे आधीच्या मालकांनी छप्पर बदलले होते आणि विमा कंपनीने घराचे सालच छपराचे साल म्हणून धरले होते. सहा वर्षे ती चूक प्रत्येक नूतनीकरणाच्या पहिल्या पानावर छापलेली होती आणि ती मी एकदाही वाचली नाही. एजंटला परवाना पाठवला, चौथ्या दिवशी वय १९ चे ८ झाले. कोष्टकात आता ७२ टक्के आहेत. हिशेबनीस यांच्या पद्धतीने : १५,८४० वजा ८,४००, म्हणजे ७,४४० डॉलर. हप्ताही १३० डॉलरने उतरला.

दुसरे, ३५० डॉलर देऊन तपासनीस बोलावला. मी शिडीवरून अर्ध्यापर्यंत चढून पाहत होतो. वायुनलिकांच्या टोप्यांवर बारीक पोचे आहेत, शिंगलवर मात्र गारांचा एकही मार नाही. दक्षिणेच्या पाख्यावर उन्हाचे फोड आहेत. त्यांतल्या एका खळग्याच्या कडेवरून त्यांनी माझे बोट फिरवले. खरखरीत, धारदार कड, आणि दाबले तर कडक. पेरूची उपमा तेव्हा नीट कळली. त्यामुळे दावा केला नाही. त्याच शनिवारी आलेल्या रूफरने खालूनच मान वर करून 'संपूर्ण छप्पर गेले आहे' असे सांगितले.

तिसरे, दुसऱ्या एका कंपनीचा दर घेतला. तीच विमा रक्कम, तेच २ टक्के, पण छपराला पूर्ण 'रिप्लेसमेंट कॉस्ट', आणि हप्ता वर्षाला ६१० डॉलरने जास्त. आज हानी झाली तर फरक १३,६०० आणि ७,४४० मधला, म्हणजे ६,१६० डॉलरचा. कोष्टकातली टक्केवारी दरवर्षी घसरणार आणि आमच्या भागात गारा काही दहा वर्षे वाट पाहत नाहीत, म्हणून मी नव्या कंपनीकडे जाण्याच्या विचारात आहे.


हिशेबनीस
२३ ऑगस्ट २०२५

विचार योग्य वाटतो. सही करण्यापूर्वी एक पाहा. काही पॉलिसींत 'पूर्ण खर्च' हा शब्द पहिल्या पानावर असतो आणि छपराने ठरावीक वय ओलांडले की भरपाई आपोआप झीज वजा करून मिळेल, हे कलम आत कुठेतरी असते. नमुना पॉलिसी पूर्ण मागवा, केवळ दरपत्रक नको. बँकेचे नाव आणि कर्जाचा क्रमांकही बरोबर लिहून घ्या, कारण छपराच्या भरपाईचा धनादेश सहसा तुमच्या आणि बँकेच्या संयुक्त नावाने निघतो आणि नाव चुकले तर तो वटवताना महिना जातो.


पिंपळपार
२६ ऑगस्ट २०२५

नमुना पॉलिसी आली. पान ३१ वर आहे : शिंगलचे छप्पर १० वर्षांचे झाले की पुढच्या नूतनीकरणापासून झीज वजा होईल. माझे छप्पर मे २०२७ मध्ये १० वर्षांचे होते, म्हणजे पूर्ण खर्चाची सोय सप्टेंबर २०२७ पर्यंतच, दोन वर्षे. त्यासाठी १,२२० डॉलर जास्त. घरी चर्चा झाली आणि आम्ही ती घ्यायचे ठरवले, कारण मधले दोन वसंत ऋतू गारांचेच असतील. २०२७ मध्ये पुन्हा दर मागवीन आणि तेव्हाच्या छपराची छायाचित्रे येथे टाकीन. परवान्याची प्रत, तपासणीचा अहवाल आणि चारी पाख्यांची छायाचित्रे आज एजंटला ईमेलने पाठवली असून छपराचे साल २०१७ असे नोंदल्याचे त्याच्याकडून लेखी उत्तर घेतले आहे.


दापोलीकर
२६ ऑगस्ट २०२५

पहिल्या पानावर छापून आले का तेही पाहा. नुसत्या ईमेलवर राहू नका.


पिंपळपार
२ सप्टेंबर २०२५

आले. पहिले पान, खालून तिसरी ओळ : छपराचे वर्ष २०१७.